बटणाला आठवत नाही

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या, एक किटली आणि ही वही. वही धाकट्याने दारातच हातात दिली. म्हणाला, ताई, दिवसभर स्वतःशी जे बडबडतेस ते यात लिहीत जा, भिंतींना तरी जरा विश्रांती मिळेल. शेहेचाळीस वर्षांच्या बहिणीची थट्टा करायला लाज वाटत नाही मेल्याला. पण वही घेतली. कागद छान गुळगुळीत आहे.

खोली पंपघराच्या डोक्यावरच आहे. लोखंडी जिना चढून आलं की आधी ओटा, मग खाट, मग दोन खिडक्या. एकीतून तलाव दिसतो आणि दुसरीतून धाकट्याचं घर, दोरीवरचे कपडे मोजता येतील इतकं जवळ. खाली पंप चालू असतात म्हणून फरशी सारखी बारीक थरथरते. किटली ओट्यावर ठेवली तर हळूहळू चालत कडेला आली. शेवटी तिच्याखाली फडकं घातलं, तेव्हा बसली गुमान.

जेवायला त्यांच्याकडेच होते. भावजयीने आग्रह करकरून वाढलं. भाची चार वर्षांची आहे. तिने विचारलं, आत्या किती दिवस राहणार? मी म्हटलं, आता कायमची. ती उठून आत गेली आणि स्वतःची उशी घेऊन आली, माझ्याकडे झोपायला. मला एकदम भरूनच आलं, आणि त्या गडबडीत पाण्याचा तांब्या लवंडला. मी सवयीने म्हटलं, वेंधळी मेली! भाचीला तो शब्द फार आवडला. निजेपर्यंत ‘वेंधळी आत्या, वेंधळी आत्या’ चाललं होतं. भावजय तिला रागावली. मी म्हटलं, असू दे गं, खरंच आहे ते.

बावीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर देत बसले. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. धाकटा इथला पाणबुड्या. त्याने सांगितलं, पंपघरात ऑपरेटरची जागा निघतेय. सहा आठवडे शिकवणी झाली, परीक्षा झाली आणि मी पहिली आले. कशी कोण जाणे. पेपरच सोपा असणार.

मंगळवार, ४ तारीख

आज काम पाहिलं. शिकवणारे मास्तर म्हणजे इथले जुने ऑपरेटर, एकतीस वर्षांचे अनुभवी. शनिवारी निवृत्त होतायत. कानटोपी काढत नाहीत आणि आवाज चढवत नाहीत.

पॅनेलची खोली लहानशी आहे. भिंतीवर पॅनेल, त्यावर तीन काळी बटणं, तीन पंपांची. दिवसभर त्यांच्याकडे पाहायचं, पाण्याची पातळी मोजायची, तक्त्यावर लिहायची. पातळी मोजायला फरशीत ताटाएवढं भोक आहे, त्यावर लोखंडी झाकण. झाकण उचललं की चाळीस फूट खाली दोन नंबरच्या विहिरीचं पाणी. तिथून पट्टी सोडायची.

खरी जोखीम गुरुवारची. तलावातलं शेवाळ आणि पाला दोन नंबरच्या तोंडावरच्या जाळीत अडकतो. दर गुरुवारी सकाळी दहाला धाकटा विहिरीत उतरतो. आधी भिंत घासतो, मग साधारण पंचवीस मिनिटांनी तळाच्या जाळीपाशी पोचतो. तेव्हा दोन नंबर बंद पाहिजे. चालू असेल तर पंप माणसाला जाळीवर ओढून धरतो. मास्तरांनी एवढंच सांगितलं, पुढचं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता गंमत अशी की बटण एकच. एकदा दाबलं की पंप बंद, पुन्हा दाबलं की चालू. बटण दिसायला दोन्ही वेळी सारखंच. वर पूर्वी दिवा होता म्हणे, पण दमट हवेत महिनाभरही टिकत नाही, म्हणून नाद सोडला. आवाजावरूनही कळत नाही, कारण एक आणि तीन नंबर दुसऱ्या विहिरीतून ओढत असतात आणि त्यांची घरघर थांबतच नाही. म्हणून इथली रीत बोलून काम करायची आहे. बटणावर बोट रोखायचं, मोठ्याने म्हणायचं, ‘दोन नंबर बंद करते.’ दाबायचं. म्हणायचं, ‘केला.’ आणि एकदा केला म्हटलं की माणूस वर आल्याची घंटा येईपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही, जग बुडालं तरी. मास्तर म्हणाले, “बटणाला आठवत नाही, बाई. तोंडाला आठवलं पाहिजे.”

गुरुवार, ६ तारीख

पहिला गुरुवार पार पडला. मास्तर शेजारी होते. विहिरीच्या काठावर दोरवाला असतो, धाकट्याची दोरी त्याच्या हातात. तो एक घंटा देतो, म्हणजे माणूस उतरला. दोन घंटा म्हणजे वर आला. आपल्याकडेही घंटेची कळ आहे, काही बिनसलं तर धाकट्याला लगेच वर घे असं दोरवाल्याला कळवायला.

माझा आवाज जरा चिरकला, पण बोट रोखलं, म्हटलं, दाबलं, म्हटलं. दोन घंटा आल्या तेव्हा कुठे श्वास सोडला आणि नेहमीप्रमाणे स्वतःला दोन शिव्या घातल्या, मठ्ठ कुठली, एवढं काय घाबरायचं. झाकण उघडंच होतं. खालून माझाच आवाज परत आला. मठ्ठ कुठली. बराच वेळाने आला. मला हसू आलं.

मास्तर हसले नाहीत. ते स्वतः प्रत्येक कामानंतर हळूच ‘शाब्बास’ म्हणतात, पट्टी वर ओढली तरी शाब्बास, तक्ता लिहिला तरी शाब्बास. मला वाटलं होतं म्हातारपणाचा चाळा असेल. त्यांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं की या खोलीत कामाचं बोलायचं, नाहीतर चांगलं बोलायचं. स्वतःला नावं ठेवायची नाहीत. विहिरीला जे खायला घालाल तेच ती वाढते. त्यांच्या आधीचा ऑपरेटर स्वतःला फार टाकून बोलायचा. त्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी म्हटलं, मास्तर, मी आहेच वेंधळी, कडी लावली का म्हणून चारदा जिना चढते. त्यांनी विचारलं, “आणि किती वेळा कडी खरंच उघडी राहिली होती?”

मी खूप आठवलं. एकदाही नाही. गॅस नाही, नळ नाही, दवाखान्यातला एक नंबर नाही. लहानपणी घरात मला वेंधळी म्हटलं की सगळे हसायचे, आणि हसले की मग ओरडायचे नाहीत. पुढे पुढे मीच आधी म्हणायला लागले. हे असं लिहून पाहिलं की विचित्रच वाटतं.

सोमवार, १० तारीख

मास्तर शनिवारी गेले. जाताना त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, सांभाळा. मला की तिला, ते कळलं नाही.

एकटीने काम करायला बरं वाटतं. तक्ता स्वच्छ लिहिते. पण जुनं खोड, तोंड काही गप्प बसत नाही. पेन पडलं, म्हटलं, धांदरट. सहाचा आकडा आठ लिहिला, म्हटलं, अक्कल गहाण टाकली का? प्रत्येक वेळी खालून ते परत येतं. झाकण बंद असलं तरी येतं हे आज लक्षात आलं. आणि आवाज परत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा आता लागत नाही.

दुपारी पट्टी सोडली आणि मी काहीच बोलले नव्हते. खालून आलं, ‘वेंधळी मेली.’

सकाळचंच कुठेतरी अडकलं असेल. दगडी विहीर आहे.

गुरुवार, १३ तारीख

आज एकटीने. बोट रोखलं. ‘दोन नंबर बंद करते.’ दाबलं. ‘केला.’ एक घंटा आली.

आणि खालून माझ्या आवाजात, अगदी सहज, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसं आलं, ‘केलास का?’

मी तसं म्हटलंच नव्हतं. शपथेवर सांगते. तरी बटणाला हात लावला नाही. पंप खालच्या खड्ड्यात आहे, अठरा पायऱ्या. खाली जाऊन पंपाच्या कवचावर हात ठेवला की कळतं, चालू असेल तर ते दातांपर्यंत थरथरतं. धावत गेले. गार होतं, थरथर नव्हती. वर आले. ते म्हणालं, तीन नंबरला हात लावून आलीस. पुन्हा गेले. कवचावर ठळक दोन लिहिलंय, वाचलं, हात लावला. वर आले. ते म्हणालं, नीट वाचलंस का? तिसऱ्यांदा गेले. छत्तीस वर्षांच्या माझ्या भावाचा जीव एका आकड्यावर होता आणि मला दोन हा आकडा ओळखता येत नव्हता.

दोन घंटा आल्या. धाकटा ओल्या अंगाने आत डोकावला आणि म्हणाला, काय ताई, जमलं की! मी हसले.

सोमवार, १७ तारीख

आता ते उत्तर देत नाही, आधी बोलतं. मी कप उचलायच्या आत म्हणतं, पडणार. आणि पडतो. चार कप झाले. तक्ता लिहायच्या आत म्हणतं, चुकणार. पहिल्या आठवड्यात माझ्या एकाही आकड्याला खाडाखोड नव्हती, गेल्या सात दिवसांत अकरा आहेत.

आज मास्तरांचं औषध करून पाहिलं. दार लावून घेतलं, झाकण उघडलं आणि म्हटलं, शाब्बास. तू हुशार आहेस. परीक्षेत पहिली आलीस. खालून ते हसलं. चारचौघांत वेंधळी म्हणवून घेतल्यावर मी जे हसते ना, तेच हसू. माझं ते हसू मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकवत नाही.

मास्तरांना फोन लावला. त्यांच्या लेकीने घेतला. ते झोपले होते. तिने विचारलं, काही निरोप? मी म्हटलं, सांगा, मी शेहेचाळीस वर्षं वाईटच खायला घातलंय, एका दिवसात कसं निघेल? तिला वाटलं असेल बाई चळलेली आहे.

गुरुवार, २० तारीख

आज मी घंटा वाजवली.

बंद केला होता. म्हटलं होतं. मग ते म्हणालं, नाही केलास, नुसतं म्हणालीस. आणि खरंच मला म्हटलेलं आठवत होतं, दाबलेलं आठवेना. घंटेची कळ ओढली ती ओढलीच. दोरवाल्याने त्याला एका दमात वर ओढलं. काठावर पाहिलं तर धाकट्याच्या नाकातून रक्त, मुखवटा लाल. कान धरून बसला होता. पाण्यातून असं ओढून काढलं की होतं म्हणे. दोन नंबर बंदच होता.

अधिकारीण बाई आल्या. ओरडल्या नाहीत. मी म्हटलं, मला काढून टाका. त्यांनी सांगितलं की नवा ऑपरेटर पुढच्या महिन्यात मिळेल, तोवर पलीकडच्या पंपघरातला बदली माणूस येईल. ते ऐकून धाकट्याचा चेहराच पडला. तो बदली माणूस फोनवर गप्पा मारत बटणं दाबतो. बोलत नाही, बोट रोखत नाही.

शनिवार, २२ तारीख

धाकटा आला होता. कानात कापूस. भाचीला आणलं नाही. मी सगळं सांगितलं, विहीर, हसू, सगळं. वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, त्यालाही खाली पाण्यात आवाज येतात, सगळ्यांना येतात, आपण आपलं काम करायचं. मी म्हटलं, तुझं आणि माझं वेगळं आहे रे, तू स्वतःला कधी मूर्ख म्हटलेलं नाहीस.

त्याने कानातला कापूस नीट बसवला. मग म्हणाला, “ताई, मी चार वर्षांचा असताना रस्ता ओलांडताना हात तुझाच धरायचो. आईचा नाही. बदली माणसापेक्षा घाबरलेली तू मला चालशील. फक्त घंटा वाजवू नकोस, पुन्हा असा वर आलो तर कान जाईल. केला म्हणालीस की केलाच असशील. तू विसरत नाहीस.”

त्याच्या तोंडून ऐकताना ते खरं वाटलं. तो जिना उतरून गेला तेव्हाही वाटत होतं. दिवे लावले तेव्हा नाही.

मंगळवार, २५ तारीख

अधिकारीण बाईंना काल कळवलं, बदली माणूस नको, मीच राहते. आणि आज युक्ती सुचली. तोंड त्याने घेतलं, घेऊ दे. हात माझा आहे. या गुरुवारी वही पॅनेलवर ठेवीन आणि जे करीन ते वेळेसकट लिहीन. शाईने. अक्षर खोटं बोलणार नाही. संशय आला की वाचायचं, बस्स.

दिवसभर सराव केला. खरं बटण न दाबता नुसतं बोट रोखलं, लिहिलं. ‘केला. मी केला.’ वीस वेळा. छान वाटलं. खालून चकार शब्द नाही.

बुधवार, २६ तारीख

आजही खाली शांतता. झाकण उघडून कान लावला. हाक मारली. पट्टी सोडली. माझा आवाजसुद्धा परत आला नाही.

ते खाली नाही.

मग कुठे —

गुरुवार, २७ तारीख

९.४० पॅनेलवर आहे. वही उघडी, पेनं दोन. झोप लागली नाही, पण ते असो.

९.५५ खिडकीतून धाकटा दिसला. हात केला. मीही केला.

१०.०० बोट रोखलं. म्हटलं. दोन नंबर बंद केला. मी केला. लिहिलं आहे.

१०.०२ एक घंटा. उतरला.

१०.०६ सगळं ठीक. भिंत घासत असेल. जाळीपाशी पोचेल साधारण दहा पंचवीसला.

१०.०९ खालून काही नाही. इतकी शांतता बरी नव्हे. बडबडलं असतं तर निदान —

१०.११ वर वाचलं. बंद केला, मी केला. अक्षर माझंच. ‘म्हटलं’ लिहिलंय. ‘दाबलं’ लिहिलेलं नाही.

१०.१२ दाबल्याशिवाय केला कसं लिहीन?

१०.१३ मंगळवारी वीस वेळा लिहिलं. न दाबता. बोट रोखून लिहायचीच सवय लावली मी हाताला. मीच लावली —

१०.१६ खाली जाऊन आले. कवचावर दोन आहे. हात ठेवला. थरथरतंय. की माझा हात थरथरतोय? दुसरा ठेवला. तोही. गाल टेकवला. दात वाजतायत. कसले —

१०.१८ घंटा नाही. कान जाईल. त्याने हात जोडून — नाही, जोडले नव्हते. सांगितलं होतं. घंटा नाही.

१०.१९ चालू असता तर दोरवाला ओरडला असता. हो. ओरडला असता. देवा, किती साधं आहे हे, चालू असता तर —

१०.२० पण तो अजून जाळीपाशी पोचलाच नाही. भिंतीवरच आहे. म्हणून कोणी ओरडत नाहीये.

१०.२१ बोट आठवतं. काळं बटण आठवतं. बोट आणि बटण यांच्यामध्ये काही आठवत नाही. तू विसरत नाहीस म्हणाला. त्याला काय माहीत. तो मला ओळखतच नाही. मला फक्त मी —

१०.२३ वेंधळे. हे कोणी सांगितलं नाही. मीच लिहिलं. किती शांत वाटलं लिहिल्यावर. विसरलेच होते मी, दुसरं काय होणार, आणि अजून दोन मिनिटं आहेत, वेळ गेलेली नाही, कळलं तरी वेळेवर. बंद करते. एकदाच दाबायचं. मग त्याला काही